सगळे पॉइंट चिलखतात

कंपनीत त्याला सगळे 'ब्रेक' म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला असं नाव पडणं तसं मानाचंच, पण यात मान कमी आणि टिंगल जास्त होती. बाकीचे मेकॅनिक दोर बघायचे, मोटर बघायचे, दारं नीट सरकतात का बघायचे आणि सही ठोकून पुढच्या इमारतीकडे निघायचे. हा गडी ब्रेक तपासायचा, जिना उतरून खाली यायचा, स्कूटरला किल्ली लावायचा आणि पुन्हा वर जायचा. तपासला खरा, पण नीट तपासला का? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्या पाठी ब्रह्मराक्षसाचं अख्खं खानदान लागलेलं होतं.

कुत्र्याची भीती, उंचीची भीती, अनोळखी नंबरवरून फोन आला तर त्याची भीती, आणि बराच वेळ कुणाचाच फोन आला नाही तर त्याची निराळी. बायको शिवणकाम करायची. सुई दातात धरून ती शेजारणींना सांगायची, "आमचे हे झोपेतसुद्धा कठडा धरून झोपतात." असा माणूस लिफ्टच्या धंद्यात शिरलाच कसा, हे विचारण्यासारखं होतं. त्याचं गणित असं की ज्याची भीती वाटते त्याच्या पोटात जाऊन बसावं, म्हणजे ती आपल्याला बाहेर शोधत राहते. गणित चुकलं. लहानपणी त्याला नुसती एक अंधारी पेटी खाली कोसळेल असं वाटायचं. आता ती कुठल्या कुठल्या कारणानं कोसळू शकते, ते पाठ झालं होतं.

या माणसाला निर्धास्त अशी एकच जागा होती, आणि ती खरी नव्हती. मेहुण्यानं आपला जुना कॉम्प्युटर त्याला दिला, त्यात एक गेम होता. इंटरनेटवरून देशोदेशीचे लोक एकत्र येऊन खेळतात तसला, राक्षस, गुहा, जादूटोणा यांचा. तिथं त्यानं एक योद्धा तयार केला. दोन पुरुष उंच, डोक्यापासून टाचेपर्यंत पोलादानं मढवलेला, हातात दाराएवढी ढाल. नाव ठेवलं लोखंड्या. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात तो प्रकार. पण तिथं कथील दिसत नाही. डोक्याला हेडफोन लावून बोलायचं असतं, आणि आवाज त्याचा चांगला होता, भरदार, खालच्या पट्टीतला. त्या आवाजावरून आणि त्या पोलादावरून तिथल्या मंडळींनी तो खडकासारखा माणूस असेल असं धरून चाललं होतं. त्यानंही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

मंडळी म्हणजे दोघं. एक मास्तर. ते खरोखर मास्तर होते की नाही कोण जाणे, पण बोलायला लागले की समोर फळा असल्यासारखं वाटे. ते जादूगार. आणि दुसरी आत्या. ती वैद्यीण, म्हणजे लढाईत जखमी झालेल्यांना मंत्र घालून बरं करणारी. वयानं पुष्कळ पुढं गेलेली बाई होती, आवाज खणखणीत, जीभ त्याहून धारदार. ती एकटी राहते एवढं बोलण्यातून कळलं होतं. बाकी काही नाही, कारण तिघांत एक नियम होता: खरं नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, फोन नंबर मागायचा नाही. हा नियम कुणी घातला असेल ते सांगायला नको. ओळख वाढली की काळजी वाढते, असं ब्रेकचं म्हणणं. आहेत त्या काळज्या त्याला पुरेशा होत्या.

तरी व्हायचं ते झालंच. मागच्या वर्षी एकदा लढाईच्या ऐन भरात आत्याच्या माइकमधून एक सूर ऐकू आला. गाडी मागं घेताना वाजतो तसला, चिरका, हास्यास्पद. ब्रेकनं कानावरचा हेडफोन काढून मागं वळून बघितलं, जणू कुणी खोलीतच आलंय. एका इमारतीच्या लिफ्टचा बझर जळाला होता. दार उघडं राहिलं की वाजतो तो. नवीन मिळेना, तेव्हा त्यानं भंगारातून ट्रकचा रिव्हर्स हॉर्न आणून तिथं बसवला होता. साऱ्या शहरात तसा आवाज करणारी ती एकच लिफ्ट, आणि ती त्याच्याच हातची.

म्हणजे दर महिन्याला तो जिथं तेलपाणी करायला जात होता, तिथंच कुठल्यातरी मजल्यावर आत्या राहत होती. दुसरा एखादा आनंदानं नाचला असता. याला नवीच काळजी लागली. तिनं कधी जिन्यात आवाज ओळखला तर? 'लोखंड्या का रे?' म्हणून विचारलं तर? आणि वळून बघितल्यावर तिला दिसणार कोण, तर काटकुळा, टक्कल पडलेला, वीज चमकली की दचकणारा इसम. जगात एकाच ठिकाणी तो भित्रा नव्हता, ती जागाही जाणार. त्यानं दुसऱ्याच दिवशी ती इमारत जोडीदाराच्या गळ्यात घातली आणि बदल्यात त्याची एक कटकटी इमारत स्वतःकडे घेतली. जोडीदारानं कारण विचारलं. "जवळ पडते," म्हणाला. जवळ मुळीच पडत नव्हती.

पुढं गेममध्ये अजगराची गुहा आली आणि वाद पेटला.

पातळी वाढली की पॉइंट मिळतात, ते चार खात्यांत वाटायचे असतात: ताकद, वेग, चिलखत आणि ललकारी. ललकारी म्हणजे अशी आरोळी की शत्रू बाकीच्यांना सोडून आरोळी देणाऱ्याच्याच अंगावर येतो. ब्रेकनं पहिल्या दिवसापासून सगळेच्या सगळे पॉइंट चिलखतात टाकले होते. ललकारीच्या खात्यात भोपळा. आपण होऊन संकटाला 'इकडे ये' म्हणायचं, ही कल्पनाच त्याला गेममध्येसुद्धा सोसत नव्हती. पॉइंटांची फेरवाटणी जन्मात एकदाच करता येत होती. ती करावी की नाही, यावर एका सुट्टीच्या दुपारी खल चालला होता.

"अरे, तो अजगर तुझ्याकडे बघतसुद्धा नाही," आत्या म्हणत होती. "तू म्हणजे वाटेतला धोंडा. तुला वळसा घालून येतो आणि मला गिळतो. मग मास्तरला. शेवटी तू एकटा उभा. आम्ही दोघं मेलो आणि तुझ्या चिलखताला पोचा नाही. असलं चिलखत काय चाटायचंय?"

"पण मीच आधी मेलो तर तुम्हाला कोण वाचवणार?" ब्रेकनं आपला नेहमीचा मुद्दा मांडला.

"आत्ता कोण वाचवतंय?"

मास्तर मध्ये पडले. "फेरवाटणी एकदाच आहे, घाई नको. निम्मं चिलखत राहू द्यावं, उरलेल्यातलं थोडं वेगात, थोडं ललकारीत, असं माझं मत."

"तुमचं मत नेहमी निम्मंच असतं, मास्तर. याला मी आज सोडत नाही. थांबा दोघंही, वाऱ्यानं ती वरची खिडकी आपटतेय मेली. लावून येते आणि मग याची खरडपट्टी काढते."

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. खिडकी दोनदा आपटली. मग स्टूल घसरलं, काहीतरी जड खाली पडलं, आणि काच फुटली.

पडद्यावर आत्याची वैद्यीण हात वर करून उभी होती, तशीच उभी राहिली.

"आत्या?" मास्तर म्हणाले. "आत्या, लागलं का?"

खिडकी पुन्हा आपटली. म्हणजे ती लावलीच गेली नव्हती. ब्रेक मनातल्या मनात म्हणत राहिला, उठेल, आत्ता उठेल, शिव्या देत येईल. मग खूप लांबून, जमिनीलगत तोंड असल्यासारखं कुणीतरी कण्हलं. एकदाच.

"ती एकटी असते," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला फळा कुठल्या कुठं गेला होता. "आपल्याला तिचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. कुणाला सांगायचं? आपण इथं बसून नुसतं ऐकायचं का?"

ब्रेकला माहीत होतं. साऱ्या जगात त्या क्षणी फक्त त्यालाच माहीत होतं, आणि तो गप्प बसला असता तर कधीही कुणाला कळलं नसतं. गप्प बसण्याची त्याला सवय होती. आणि गेलं तर काय काय होईल याची यादी डोक्यात आपोआप सुरू झाली: दार चुकेल, लोक चोर म्हणतील, पोलीस विचारतील तुला काय माहीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दार उघडेल आणि उशीर झालेला असेल. तो खुर्चीत बसून राहिला. किती वेळ, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. फार नसेल. पण होता.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"कुठं राहते ते. इमारत. घर कुठलं ते नाही."

मास्तरांनी कसं, कधी, काही विचारलं नाही. "मग बसलायस काय?" एवढंच म्हणाले.

बायको गळ्यात टेप घेऊन दारात आली तेव्हा तो एका हातानं हत्यारांची पिशवी आणि दुसऱ्या हातानं चपला शोधत होता.

"अहो, कुठं निघालात?"

"एक बाई पडल्यात."

"कोण बाई?"

"माहीत नाही गं. अँब्युलन्सला फोन कर. पाण्याच्या टाकीजवळची आठ मजली. मजला मी तिथं जाऊन सांगतो."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग काही न विचारता तिनं फोन उचलला. "चपला उलट्या घातल्यात," ती मागून म्हणाली.

बोलायचं ॲप मोबाइलवरही चालत होतं. ते कानात लावून त्यानं स्कूटर काढली. तो शूरवीर झाला होता असं समजण्याचं कारण नाही. पहिल्याच लाल सिग्नलला तो थांबला. रस्ता मोकळा होता तरी थांबला, आणि थांबल्याबद्दल स्वतःला लाखोली वाहत राहिला. रस्त्याच्या गोंगाटात त्याला कानात फक्त मास्तर ऐकू येत होते. "श्वास ऐकू येतोय. हळू येतोय, पण येतोय." आणि पुढच्या वळणावर, "आता येत नाहीये. खिडकीच्या आवाजात ऐकू येत नसेल. तू चालव, लक्ष देऊ नकोस." लक्ष देऊ नकोस म्हणे.

फाटकावरच्या रखवालदारानं हात आडवा केला. "कुणाकडे?"

"आत्याकडे."

"कुणाच्या आत्या?"

"एकट्या राहतात. वयस्कर."

"तशा इथं मजल्याला एक आहे," रखवालदार म्हणाला. "नाव सांगा."

नाव नव्हतं. रखवालदार काहीतरी बोलत राहिला आणि ब्रेक त्याच्या हाताखालून वाकून आत शिरला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या परवानगीशिवाय कुठं शिरत होता. समोर लिफ्टच्या दारावर पाटी लटकत होती: बंद आहे. पाटीवर धूळ होती. जोडीदारानं किती दिवस तिच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं देव जाणे. ही इमारत आपल्याकडे असती तर, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो पुरा करायची हिंमत त्याला झाली नाही.

"मास्तर, प्रत्येक मजल्यावर मी हाक मारतो," तो म्हणाला. "तिच्या माइकमधून माझा आवाज आला की सांगा."

पहिल्या मजल्यावर त्यानं हाक मारली. ती हाक नव्हतीच, खोकला होता.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "मोठ्यानं."

दुसऱ्या मजल्यावर त्यानं छाती भरून घेतली. "आत्या!" एक दार उघडलं, एका बाईनं डोकावलं आणि दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज त्याला ऐकू आला. तिसऱ्यावर तो ओरडला तेव्हा कुत्रं भुंकायला लागलं. तरी तो कठड्याला अंग घासत वर सरकला. चौथ्यावर तोंडाला फेस आला. खालून आवाज येत होते: कोण आहे तो, पकडा त्याला. ते जिन्यानं वर येत होते. सगळी इमारत त्याच्याकडे बघायला लागली होती. ज्या गोष्टीपासून पळत त्याचं निम्मं आयुष्य गेलं, ती त्यानं स्वतःच्या तोंडानं बोलावून घेतली होती.

"आत्या!" पाचव्यावर तो किंचाळला.

"आला!" मास्तर म्हणाले. "बारीक आला. आणखी वर."

सहाव्या मजल्यावर चार दारं होती. त्यानं पहिल्यावर मुठी आपटल्या. "हे नाही," मास्तर म्हणाले. दुसऱ्यावर आपटल्या, तेव्हा आतून बनियन घातलेला एक धिप्पाड माणूस बाहेर आला आणि त्यानं याची गचांडी धरली. "काय तमाशा लावलाय? कोण तू?" ब्रेकनं गचांडीसकट पुढं झोकून देऊन पायानं तिसऱ्या दारावर लाथ मारली.

"हेच!" मास्तर ओरडले. "कान फुटला माझा. हेच दार!"

फोनमधून इतका मोठा आवाज आला की गचांडी धरणाऱ्यानंही तो ऐकला. त्याची पकड ढिली झाली. "इथल्या म्हाताऱ्या बाईंना काय झालंय?" त्यानं विचारलं. ब्रेकनं पिशवीतून पहार काढली आणि हातवारे करून पडल्याचं दाखवलं. त्याच्या घशातून आवाजच निघत नव्हता. चौकटीत पहार घातली, पण ती दोनदा निसटली. शेवटी त्या माणसानं "सरक" म्हणत खांदा लावला आणि दार आत गेलं.

आत्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर कुशीवर पडली होती. पांढऱ्या केसांत रक्त, एक पाय नको तसा वळलेला, भोवती काचा. ती जिवंत होती. तिचे डोळे उघडे होते आणि ते डोळे ब्रेकवर खिळले होते. हातात पहार घेऊन दार फोडून आलेला, घामानं निथळणारा परका पुरुष. ती कोपरावर जोर देऊन काचांतून मागं सरकायला लागली.

आजवर त्याला कुणी भ्यालेलं नव्हतं. भीती चेहऱ्यावर बाहेरून कशी दिसते, हे त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि ते त्याला बघवेना. पहार टाकून तो गुडघ्यांवर बसला. "आत्या, मी," असं म्हणायला गेला, पण ओरडून ओरडून आवाज बसला होता. नुसती घरघर आली. तिला ओळखीचा होता तो फक्त त्याचा आवाज, आणि तोच गेला होता. ती आणखी मागं सरकली.

त्यानं सगळा जीव घशात आणला. "निम्मे," तो घोगरला. "निम्मे पॉइंट ललकारीत टाकतो."

ती थांबली. बराच वेळ बघत राहिली, त्या टकलाकडे, त्या काटकुळ्या हातांकडे.

"निम्मे नाही," ती कशीबशी म्हणाली. "सगळे."

मग तिनं हात पुढं केला. तो त्यानं धरला. बनियनवाला शेजारी चादर आणायला धावला, दाराशी जमलेली माणसं एकदम मऊ बोलायला लागली. ब्रेकनं फोन स्पीकरवर टाकला आणि मास्तरांनी सगळ्यांना बजावलं की तिला हलवू नका, झोपू देऊ नका, बोलती ठेवा.

"तुला घर कसं सापडलं?" आत्यानं विचारलं.

मास्तरांनी ऐकून सांगितलं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण तिला बोलती ठेवायची होती आणि त्याला खोटं सुचत नव्हतं. त्यानं तुटक तुटक सांगितलं. बझर. लिफ्ट. मागचं वर्ष. इमारत दुसऱ्याला देऊन टाकली ते.

"म्हणजे वर्षभर तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या घरात कामवालीशिवाय माणूस येत नाही. त्या गेममध्ये तुम्हा दोघांशी भांडते तेवढंच माझं बोलणं. आणि तू इमारतच सोडून पळालास." तिला धाप लागली. "का रे?"

"भीती वाटली."

"माझी?"

"तुमचं काही झालं तर माझं काय होईल, याची."

तिचा हात थंड पडत चालला होता. खाली सायरन वाजला, मग जिन्यात बुटांचे आवाज. पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं आली. एकानं तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि दुसऱ्याला हळू म्हणाला, "डोक्याला मार आहे. लवकर." हळू म्हणाला तरी ब्रेकला ऐकू आलं.

"आता?" आत्यानं विचारलं. "आता वाटत नाही भीती?"

"आता फारच वाटतेय," तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं.

"वाटू दे," आत्या म्हणाली.

त्यांनी तिला उचललं. लिफ्ट बंद, त्यामुळे सहा मजले जिन्यानंच उतरायचं होतं, आणि जिना अरुंद होता. वळणावर स्ट्रेचर वळेना, तेव्हा त्या माणसांनी त्याला तिचा हात सोडून बाजूला व्हायला सांगितलं. पुढच्या वळणावर पुन्हा सांगितलं, जरा चिडून. त्यानं दोन्ही वेळा "हो, हो" म्हटलं, पण हात सोडला नाही.